‘अंशतः’ हा रकाना खोडून टाका

प्रति,
लांब पल्ल्याच्या पायवाटांवर मोहिमा नेणाऱ्या, त्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या आणि वाट पुरी करणाऱ्यांचा सत्कार करणाऱ्या पदभ्रमण संस्थांच्या संयोजकांना,

सप्रेम नमस्कार.

काही महिन्यांपूर्वी तुमच्यापैकी एका संस्थेच्या मेळाव्याला गेले होते. सभागृहाच्या दाराशी एक मोठा फलक लावला होता. त्यावर एका लांब वाटेचा नकाशा आणि खाली दोन रकाने. पहिल्यावर ‘पूर्ण’ असं लिहिलं होतं, दुसऱ्यावर ‘अंशतः’. माझं नाव दुसऱ्या रकान्यात होतं.

ती वाट मी पहिल्या खुणेच्या दगडापासून शेवटच्या दगडापर्यंत चालले आहे. अकरा वर्षं, सतरा टप्पे. एकही चढ गाडीनं गाळला नाही, एकही कंटाळवाणा डांबरी तुकडा सोडला नाही. म्हणून मी संयोजकांना जाऊन विचारलं. ते अतिशय सौजन्यानं बोलले. म्हणाले, “तुम्ही सगळी वाट चाललात हे आम्हाला मान्यच आहे. पण सलग नाही ना चाललात!” माझ्या मागे रांग होती. मी मान हलवली आणि बाजूला झाले. त्यांना जे सांगायचं राहिलं ते या पत्रात लिहिते आहे. संस्थेचं नाव आणि वाटेचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण असे दोन रकाने मी आणखीही ठिकाणी पाहिले आहेत. कुठे ते फलकावर असतात, कुठे प्रमाणपत्राच्या रंगात, तर कुठे नुसते बोलण्यात.

आधी शब्दाचंच बघू. अंशतः म्हणजे काही भाग. मग माझा कोणता भाग राहिला? नकाशावर बोट ठेवून दाखवा, पुढच्या सुट्टीत जाऊन चालून येते. तुम्हाला असा भाग दाखवता येणार नाही, कारण तुम्ही मोजताय ती गोष्टच वेगळी आहे. ‘पूर्ण’ हे वाटेचं माप झालं. ‘सलग’ हे चालणाऱ्याच्या रजेचं माप आहे. ही दोन मापं एकाच फलकावर एकमेकांसमोर मांडली, की ज्याला पाच महिने घराबाहेर राहता येतं त्याची वाट पुरी ठरते आणि ज्याला येत नाही त्याची अर्धवट, मग पायांनी काहीही केलेलं असो.

सलग चालणं हीच मूळची, अस्सल रीत आणि टप्पे पाडणं ही पुढे निघालेली सवलत, असा एक समज आपल्यात फार पक्का आहे. इतिहास पाहिला तर तो नेमका उलट निघतो. लांब पल्ल्याच्या आधुनिक वाटांमध्ये सगळ्यात जास्त बोललं जातं ते अमेरिकेतल्या अ‍ॅपलाचियन ट्रेलबद्दल. चौदा राज्यांतून जाणारी, सुमारे २,१९० मैलांची, म्हणजे साडेतीन हजार किलोमीटरची ही वाट. तिची कल्पना बेंटन मॅकाय यांनी १९२१ साली मांडली. कारखान्यांत आणि शहरांत अडकलेल्या माणसांना थोड्या दिवसांच्या सुट्टीत डोंगरात येऊन राहता यावं, हा त्यामागचा विचार होता. कामाचे विभाग पाडावेत आणि एकेक विभाग तिथल्या स्थानिक मंडळींनी सांभाळावा, हे त्यांनी त्या पहिल्या मांडणीतच लिहिलं होतं. एका माणसानं एका हंगामात या टोकापासून त्या टोकापर्यंत जावं, यासाठी ती वाट आखलेलीच नव्हती.

आणि ती सबंध चालणारा पहिला माणूस कोण? मायरन एव्हरी. पेशानं वकील. ही वाट प्रत्यक्षात उतरवण्यासाठी सगळ्यात जास्त राबलेल्यांपैकी एक. सायकलच्या चाकाला अंतरमापक लावून ते चाक ढकलत ढकलत ते वाट मोजत चालायचे. नोकरी सांभाळून, सुट्ट्यांमध्ये, तुकड्या-तुकड्यांनी. १९३६ साली त्यांचा शेवटचा तुकडा झाला. वाटेचं बांधकाम पुरं झालं ते त्याच्या पुढच्या वर्षी, ऑगस्ट १९३७ मध्ये. १९३९ साली मेरी किलपॅट्रिक यांनी ती पुरी केली. सबंध वाट चालणाऱ्या त्या पहिल्या महिला, आणि त्याही टप्प्याटप्प्यानंच चालल्या. सलग चालण्याची पहिली नोंद झाली ती १९४८ साली. युद्धावरून परतलेला अर्ल शेफर हा तरुण १२४ दिवसांत दक्षिण टोकाकडून उत्तर टोकाला पोचला, तेव्हा ती वाट सांभाळणाऱ्या संस्थेतल्या जाणत्यांचा आधी विश्वासच बसला नाही. म्हणजे पहिली बारा वर्षं ‘पूर्ण’ या शब्दाचा अर्थ टप्प्याटप्प्यानं पूर्ण असाच होता. पुरावा मागितला गेला तो सलग चालणाऱ्याकडे.

आज ती वाट सांभाळणारी संस्था काय करते हेही पाहण्यासारखं आहे. सबंध वाट चाललेल्यांची त्यांची एकच यादी आहे, ‘टू थाउजंड मायलर’ या नावाची. एका हंगामात चाललात की तीस वर्षांत, उत्तरेकडून की दक्षिणेकडून, कोणत्या क्रमानं, किती वेगानं, पाठीवर सॅक होती की नव्हती, यातलं काहीही त्या यादीसाठी विचारात घेतलं जात नाही. वाट चाललात एवढंच पुरतं. विस्कॉन्सिन राज्यात हिमयुगातल्या हिमनद्यांच्या काठाकाठानं जाणारी आइस एज ट्रेल आहे. सुमारे १,२०० मैल लांबीची ही वाट अजूनही सलग जोडलेली नाही, मधले तुकडे रस्त्यानं जोडून घ्यावे लागतात. तिथेही सलग चालणारे आणि टप्प्यांनी चालणारे एकाच ‘थाउजंड मायलर’ यादीत येतात.

आणखी मागे जायचं तर जपानच्या शिकोकू बेटावरची अठ्ठ्याऐंशी मंदिरांची यात्रा आहे. अंतर साधारण बाराशे किलोमीटर. ती तोडून तोडून, अनेक खेपांत करण्याला तिथल्या भाषेत वेगळा शब्दच आहे, ‘कुगिरी-उची’. सलग करण्याला ‘तोशी-उची’ म्हणतात. दोन रीती आणि दोघींना आपापलं सरळ नाव. त्यातली एक दुसरीपेक्षा उणी आहे असं त्या नावांत कुठे दिसत नाही. मला हे फार आवडलं. आपल्याकडे आपण एका रीतीला नाव दिलं आणि दुसरीला नुसता उणेपणा.

आता टप्प्यांनी चालणं म्हणजे नेमकं काय असतं, ते सांगते. तुमच्यातल्या अनेकांनी लहान-मोठ्या मोहिमा केल्यात, पण एकच वाट वर्षानुवर्षं धरून ठेवण्याचा अनुभव वेगळा आहे आणि तो फारसा कुणी लिहीत नाही.

सलग चालणाऱ्यांना विचारा, ते सांगतील की पहिले दोन आठवडे जड जातात. खांद्यांवर वळ उठतात, टाचांना फोड येतात, रात्री पिंढऱ्या वळतात. तिसऱ्या आठवड्यापासून शरीर वाटेचं होतं. पाय आपोआप पडायला लागतात, श्वास चढाला धरून येतो. हे सुख आम्हाला कधीच मिळत नाही. माझे टप्पे चार ते सात दिवसांचे. शरीर रुळायला लागलं की परतायची वेळ होते. पुढच्या वर्षी पुन्हा तोच पहिला दिवस, तेच फोड. सतरा टप्प्यांत मी सतरा वेळा पहिला दिवस काढला आहे. सलग चालणाऱ्यांचे कष्ट याहून मोठे असतात, मला ते माहीत आहे. पण कष्टांवरूनच मान ठरवायचा असेल, तर हेही कष्ट तागडीत टाका.

मग प्रश्न टोकांचा. सलग वाटेला दोनच टोकं असतात. सतरा टप्प्यांच्या वाटेला चौतीस होतात आणि प्रत्येक टोकाशी पोचायचं कसं हे नव्यानं सोडवावं लागतं. जिथून सुरुवात केली तिथेच गाडी ठेवली तर शेवटी ती शंभर किलोमीटर मागे राहते. म्हणून आधी गाडी शेवटच्या टोकाला ठेवायची आणि तिथून मिळेल त्या वाहनानं सुरुवातीला यायचं. हा क्रम मोठा शहाणपणाचा आहे. एकदा चालायला लागलं की पुढे आपलीच गाडी वाट बघत असते, शेवटची बस चुकेल म्हणून उतारावर धावावं लागत नाही. आठव्या टप्प्याला मी आणि माझी मैत्रीण दक्षिणेकडून निघालो आणि ओळखीचं एक जोडपं उत्तरेकडून. तिसऱ्या दिवशी दुपारी एका खिंडीत भेटायचं ठरलं होतं. धुकं इतकं दाट, की ते दोघे दहा पावलांवर येईपर्यंत दिसलेच नाहीत. खिंडीतल्या दगडावर बसून दोन्ही गाड्यांच्या किल्ल्यांची अदलाबदल केली, पाण्याच्या जागा एकमेकांना सांगितल्या आणि आपापल्या दिशेनं निघालो. ते आमच्या गाडीनं घरी गेले, आम्ही त्यांच्या. ही युक्ती मला कोणत्याही संस्थेच्या माहितीपत्रकात सापडली नव्हती. ती टप्पेवाल्यांनीच एकमेकांना शिकवलेली आहे.

आणि सांधा. टप्प्यांनी चालणाऱ्याचा सगळा प्रामाणिकपणा सांध्यात असतो. गेल्या वेळी जिथे थांबलो नेमकं तिथूनच पाऊल उचलायचं. आमच्यातले काही जण तर शेवटच्या पावलाच्या जागेचा फोटो काढून ठेवतात. माझी फजिती इथेच झाली. नवव्या वर्षी मी जुन्या वह्या काढून बसले होते. सहाव्या टप्प्याच्या शेवटी लिहिलं होतं, “पुलाशी थांबलो.” सातव्याच्या सुरुवातीला, “पुलापासून निघालो.” नकाशावर पाहिलं तर त्या एकाच ओढ्यावर दोन पूल होते आणि दोहोंमध्ये वाटेचे चार किलोमीटरांहून थोडे अधिक अंतर. तो तुकडा मी चाललेच नव्हते. कुणाला कळणारही नव्हतं. पण मला झोप लागेना. त्या तुकड्यासाठी जाऊन-येऊन तीन दिवसांचा प्रवास केला आणि तासाभरात तो चालून आले. साधी ओढ्याकाठची सपाट वाट, पाहण्यासारखं काही म्हणजे काही नव्हतं. दुसऱ्या पुलावर पोचल्यावर मात्र मी कठड्याला धरून रडले. तेव्हापासून प्रत्येक टप्प्याच्या शेवटी अक्षांश-रेखांश लिहून घेते.

त्या तासाभराच्या वाटेला ‘अंशतः’ म्हणताना थोडं थांबावं, एवढीच माझी इच्छा आहे.

टप्प्यांनी चालण्याचं सुखही आहे, आणि ते लहान नाही. सलग चालणारा हंगामाच्या पुढे-मागे धावत असतो. अमेरिकेच्या पश्चिमेकडची पॅसिफिक क्रेस्ट ट्रेल मेक्सिकोच्या सीमेपासून कॅनडाच्या सीमेपर्यंत २,६५० मैल जाते. तिथे दक्षिणेकडचं वाळवंट तापण्याआधी पार करायचं, सिएरा नेवाडा पर्वतरांगेत शिरायचं तर बर्फ वितळायची वाट बघायची आणि उत्तरेला नवा बर्फ पडण्याआधी संपवायचं, असं पाच महिन्यांचं गणित असतं. ज्या ठिकाणी रानफुलं बहरतात तिथे तो बहर सरल्यावर पोचतो, जिथे पानगळ बघावी तिथे ती सुरू होण्याआधी. आम्ही मात्र तुकडा आणि ऋतू यांची जोडी लावू शकतो. गवताळ पठार मी पावसाळा सरता सरता चालले, उघडी धार थंडीत, जंगलातला तुकडा पानं फुटायच्या दिवसांत. वणवा किंवा वादळ आलं तर सलग चालणाऱ्याची सगळी मोहीमच मोडते. २०२४ च्या सप्टेंबरात हेलीन चक्रीवादळानं अ‍ॅपलाचियन ट्रेलचा दक्षिणेकडचा मोठा पट्टा झाडं पाडून, पूल वाहून नेऊन विस्कटून टाकला. अशा वेळी टप्पेवाला दुसरा तुकडा घेतो आणि हा तुकडा नीट झाल्यावर परत येतो. त्याला घाई नसते.

वाटही आपल्याबरोबर मोठी होते, हे सलग चालणाऱ्याला दिसत नाही. तिसरा आणि चौथा टप्पा जिथे जुळतो तिथे एका पडक्या भिंतीतून एक रोप वर आलं होतं. पुढच्या वर्षी तिथूनच सुरुवात केली तेव्हा ते कमरेइतकं होतं. दहाव्या वर्षी मुद्दाम वाकडी वाट करून बघायला गेले, तर त्याची सावली पडत होती आणि भिंत आणखी ढासळली होती.

आता माणसांविषयी. वाट टप्प्यांनी कोण चालतं? ज्यांना वर्षाला मोजकी रजा मिळते ते. ज्यांच्या घरी लहान मूल आहे किंवा अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे ते. ज्यांचे गुडघे आठवडाभर साथ देतात आणि मग विश्रांती मागतात ते. माझे वडील दोन वर्षं आजारी होते. त्या दोन वर्षांत मी वाटेवर एकही पाऊल टाकलं नाही. रात्री त्यांच्या उशाशी बसून पुढच्या टप्प्याचा नकाशा उघडायची आणि बोटानं चढ-उतार चाचपत राहायची. ते गेल्यावर चार महिन्यांनी पुन्हा सांध्यावर जाऊन उभी राहिले. वाट तिथेच होती. सलग चालायचंच म्हणून मी अडून बसले असते, तर या वाटेवर कधी आलेच नसते. तुमच्या फलकावरचा ‘पूर्ण’ रकाना पुन्हा एकदा वाचून बघा. त्यात बायका किती आहेत, पन्नाशीच्या पुढचे किती आहेत आणि घरात कुणाची शुश्रूषा करणारं कुणी आहे का. मग ‘अंशतः’ रकाना वाचा.

एमा गेटवुड यांचं नाव तुमच्या प्रत्येक शिबिरात घेतलं जातं. १९५५ साली, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी अ‍ॅपलाचियन ट्रेल एकटीनं सलग चालणारी पहिली स्त्री. ही गोष्ट सांगितली जाते आणि सांगायलाच हवी. पण त्याच आजींनी ती वाट तिसऱ्यांदा पुरी केली १९६४ साली, आणि ती टप्प्याटप्प्यानं. तीन वेळा ती वाट पुरी करणाऱ्या त्या पहिल्या व्यक्ती ठरल्या. तुमच्या फलकाच्या हिशेबानं त्यांची ती तिसरी खेप ‘अंशतः’मध्ये टाकावी लागेल. टाकाल का?

सलग चालण्याविषयी माझ्या मनात आदर आहे. महिनोन्‌महिने सगळं पाठीवर घेऊन राहणं, घराची सवयच सुटणं, वाट हेच घर होणं, ही माझ्या वाट्याला न आलेली गोष्ट आहे आणि मला तिचा हेवा वाटतो. अ‍ॅपलाचियन ट्रेल सलग करायला निघालेल्यांपैकी साधारण चारांतला एकच पुरी करतो. अशा माणसाचा वेगळा उल्लेख करा, जरूर करा. त्याच्या नावापुढे ‘सलग’ लिहा, दिवस लिहा, टाळ्या वाजवा. मी सगळ्यात पुढे उभी राहून वाजवीन. माझी हरकत फक्त आमच्या नावापुढे जे लिहिलं जातं त्याला आहे.

आणखी एक कबूल करते. आमच्यातलेही काही जण फक्त शिखरं आणि धबधबे असलेले तुकडे चालतात, साय खाऊन दूध टाकून द्यावं तशी मधली रुक्ष वाट सोडून देतात. ते खुशाल चालोत, डोंगर सगळ्यांचा आहे. पण त्याला वाट पुरी करणं म्हणत नाहीत आणि त्यांना ‘अंशतः’ म्हटलंत तर माझी काही तक्रार नाही. तो शब्द त्यांच्यासाठीच ठेवा.

तुम्ही जमिनीची काळजी घेता, म्हणून एक मुद्दा खास तुमच्यासाठी. सलग चालणाऱ्यांचा ओघ एकाच टोकाला, एकाच हंगामात जमतो. तळ ठोकायच्या जागा उघड्या पडतात, पाण्याच्या काठी चिखल होतो, निवाऱ्यांत जागा पुरत नाही. अ‍ॅपलाचियन ट्रेलवर मार्च-एप्रिलमध्ये दक्षिण टोकाशी हीच गर्दी होते, म्हणून तिथली संस्था आता मधून कुठूनतरी सुरू करून दोन्ही टोकं गाठायचा पर्याय लोकांना आवर्जून सुचवते. पॅसिफिक क्रेस्टवर दक्षिण टोकाकडून उत्तरेला निघणाऱ्या लांब पल्ल्याच्या परवान्यांवर दिवसाला पन्नासाची मर्यादा घालावी लागली. टप्प्यांनी चालणारे वर्षभर आणि वाटभर विखुरलेले असतात. शिवाय एका तुकड्यावर पुन्हा पुन्हा येणारा माणूस त्या तुकड्याची डागडुजी करायला थांबण्याची शक्यता जास्त. मीही एका टप्प्यावर दोन वर्षं खुणा रंगवायला गेले आहे.

तरी बहुतेक व्यवस्था सलग चालणाऱ्याला गृहीत धरूनच आखलेली असते. त्याच पॅसिफिक क्रेस्टचा लांब पल्ल्याचा एकच परवाना मिळतो तो किमान ५०० मैल सलग चालणार असाल तर. त्याहून कमी चालायचं तर ज्या-त्या हद्दीच्या कार्यालयाकडून वेगळी परवानगी काढायची. यामागे प्रशासनाची कारणं असतीलच. पण आपण नव्यानं वाटा आखतो आहोत, नियम लिहितो आहोत, तेव्हा हा विचार आधीच करता येईल. इंग्लंडमध्ये १९६५ साली सुरू झालेली पेनाइन वे घ्या किंवा नैर्ऋत्य किनाऱ्यानं जाणारी ६३० मैलांची साउथ वेस्ट कोस्ट पाथ घ्या. तिथे माहितीपुस्तिकांमध्ये दिवसादिवसाचे टप्पे दिलेले असतात, जवळचं स्थानक कोणतं, बस कुठे थांबते, खाडी ओलांडायची होडी कोणत्या महिन्यांत बंद असते, हे लिहिलेलं असतं. सलग चालणाऱ्यालाही ते उपयोगी पडतं, पण आमच्यासाठी ते असलं तरच वाट चालता येते.

तेव्हा माझ्या विनंत्या अशा. तुमच्या नकाशांवर वाटेचे चढ-उतार असतातच, त्याबरोबर वाट सोडता येईल आणि पुन्हा धरता येईल अशा जागा दाखवा, तिथपर्यंत वाहन जातं का ते लिहा आणि दर वर्षी तपासून घ्या. खुणेच्या दगडांवर क्रमांक घाला, म्हणजे ‘पुलाशी थांबलो’ असं लिहून माझ्यासारखं कुणी फसणार नाही. एक नोंदवही द्या. स्पेनमधल्या सान्तियागोच्या यात्रेत चालणाऱ्याजवळ शिक्क्यांची एक घडीची पुस्तिका असते. प्रत्येक मुक्कामाला तारखेसह शिक्का बसतो, यंदा थांबलात तर पुढच्या वेळी त्याच पुस्तिकेत पुढचा शिक्का. इतकी साधी गोष्ट आहे. वाट मध्येच बदलली, कुठे दरड कोसळून नवा फाटा काढला, तर जुनी वाट आधी चाललेल्यांनी नवा फाटा चालायचा की नाही, याचा नियम एकदाच ठरवून जाहीर करा. अकरा वर्षांत माझ्या वाटेवर तीन ठिकाणी फाटे बदलले आणि तिन्ही वेळा मला वेगवेगळ्या माणसांकडून वेगवेगळं उत्तर मिळालं. शेवटी तिन्ही फाटे चालून आले.

आणि तुमच्या लीडर मंडळींना सांगा, की शिबिरात कुणी नवखा उठून म्हणाला, “मला चारच दिवस रजा आहे,” तर त्याला “मग लांब वाट तुमच्यासाठी नाही” असं म्हणू नका. माझ्यासमोर असं म्हटलं गेलं आहे. तो मुलगा नंतर दिसला नाही.

माझं नाव कोणत्या रकान्यात आहे यानं माझ्या वाटेचं काही बिघडत नाही, ती माझ्या वह्यांत आणि तळपायांत आहे. हे पत्र लिहायला लावलं ते दुसऱ्याच एका नावानं. त्या मेळाव्यात फलकासमोर एक गृहस्थ उभे होते, साठीचे असतील. त्यांचे दोन टप्पे राहिलेत. सगळ्यात लांबचे दोन, कारण सोपे तुकडे त्यांनी आधी उरकले आणि आता त्यांना गाडी चालवायला डॉक्टरांनी बंदी केली आहे. त्यांनी मला विचारलं, “हे दोन केले तरी याच रकान्यात राहणार ना मी? मग कशाला?”

मी त्यांना म्हटलं, रकान्याचं मी बघते, तुम्ही टप्प्यांचं बघा. पहिल्या टप्प्याच्या टोकापर्यंत मी त्यांना सोडणार आहे आणि चार दिवसांनी दुसऱ्या टोकाशी घ्यायला जाणार आहे. तारखा ठरल्या आहेत. तुमची नवी यादी त्यानंतर छापायला जाते असं ऐकलं. त्याआधी एवढं करा.

आपली,
सतरा टप्प्यांत एक वाट पूर्ण केलेली एक पदभ्रमी